डिझाइनचं सॉफ्टवेअर एवढं महाग का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दुकानाच्या खर्चात सगळ्यात जास्त काय खुपतं, असं आम्ही मागच्या अंकात फ्लेक्स, डीटीपी आणि फोटो स्टुडिओवाल्यांना विचारलं होतं. शाई आणि विजेचं बिल वरच्या नंबरात येईल असं वाटलं होतं. पत्रं आली ती बहुतेक सॉफ्टवेअरबद्दल. त्यांतली निवडक पुढे देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : फ्लेक्सचं मशीन घेतलं तर ते दिसतं, हात लावता येतो. रोल संपतो, शाई संपते. सॉफ्टवेअरचं तसं काहीच नाही, एकदा बनवलं की कितीही कॉप्या काढा. मग कंपन्या एवढे पैसे कशाचे घेतात?
*फ्लेक्स दुकानदार, दारव्हा (जि. यवतमाळ)*

दुसरी कॉपी काढायला जवळपास काही लागत नाही, हे तुमचं बरोबर. पैसा जातो पहिल्या कॉपीत, आणि ती पहिली कॉपी कधी पुरी होतच नाही. कॅनन, निकॉन, सोनीचा नवा कॅमेरा आला की त्याची रॉ फाइल उघडायला नवं काम निघतं. विंडोज बदललं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला की सगळ्या चाचण्या पुन्हा. एखाद्या खेळात एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला तर कोणी ओरडत नाही. छपाईत लोगोचा लाल तपकिरी आला तर हजार पत्रिका परत येतात. शिवाय काही गोष्टी कंपनीच्या स्वतःच्या नसतात, त्यांचे हक्काचे पैसे दुसऱ्याला द्यावे लागतात. व्हिडिओच्या काही फॉरमॅटवर पेटंट आहेत. छपाईचे रंग नंबराने ठरवून देणाऱ्या पॅन्टोन कंपनीच्या रंगसूचीचंही तसंच: नोव्हेंबर २०२२ पासून फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनच्या बहुतेक सूची काढल्या गेल्या आणि त्या हव्या असणाऱ्यांना पॅन्टोनची वेगळी वर्गणी भरायची वेळ आली.

पण सगळी किंमत खर्चातून येते असं समजू नका. ॲडोबीचा २०२३ या आर्थिक वर्षाचा जमाखर्च जाहीर आहे. उत्पन्न सुमारे १,९४१ कोटी डॉलर. त्यातून संशोधन आणि सुधारणांवर ३४७ कोटी, विक्री-जाहिरातीवर ५३५ कोटी, आणि कर वगैरे भरून उरलेला निव्वळ नफा ५४३ कोटी. म्हणजे ग्राहकाच्या १०० रुपयांतले साधारण १८ रुपये सॉफ्टवेअर सुधारायला, २८ ते विकायला आणि २८ नफ्याला. सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा ते विकण्यावर जास्त जातं, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

किंमत ठरते ती गिऱ्हाइकाचं त्याच्यावाचून किती अडतं यावर. थ्रीडी ॲनिमेशनचं माया हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये एका फटक्यात ७,५०० डॉलरवरून १,९९९ डॉलरवर आलं. ते बनवणारी माणसं काही रातोरात स्वस्त झाली नव्हती. बाजारात स्पर्धक वाढले होते. उलट बाजूही आहे. मोबाइल ॲप आणि वेबसाइटच्या डिझाइनमध्ये फिग्मा नावाची कंपनी डोईजड होऊ लागली, तेव्हा ॲडोबीने २०२२ मध्ये ती २,००० कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी हरकत घेतली, डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला आणि ॲडोबीला १०० कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. एक स्पर्धक कमी होण्याची किंमत केवढी असते, ते यावरून कळावं.

तुमचं अडतं ते फाइलपाशी. नागपूरच्या एजन्सीकडून येणारी फाइल सीडीआर (कोरेल), एआय (इलस्ट्रेटर) किंवा पीएसडी (फोटोशॉप) असते. ती इफेक्ट, लेयर, फॉन्टसकट जशीच्या तशी उघडायची तर तेच सॉफ्टवेअर लागतं. तुम्ही बदलायचं ठरवलं तर गिऱ्हाईक, छापखाना आणि दुकानातला पोऱ्या, तिघांनाही बदलावं लागतं. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं.

त्यामुळे दर निघतो तो मोठ्या शहरातल्या स्टुडिओचा हिशेब धरून, आणि तोच दर दारव्ह्याला लागतो. तुमचा हिशेब तुम्हालाच मांडावा लागेल. समजा सॉफ्टवेअरला वर्षाला २४,००० रुपये लागतात, म्हणजे महिन्याला २,०००. महिन्यात ५,००० स्क्वेअर फूट छापणाऱ्याला फुटामागे ४० पैसे पडतात, त्याने फार विचार करू नये. महिन्याला २०० स्क्वेअर फूटच निघत असेल तर फुटामागे १० रुपये पडतात, आणि फ्लेक्सच्या दरातून ते निघत नाहीत. अशा दुकानाने इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरवर डिझाइन करून पीडीएफ द्यावी. फ्लेक्स मशीनसोबत आलेलं, फाइल मशीनला समजेल अशी करणारं रिप सॉफ्टवेअर, ज्याचं डोंगल (यूएसबीची किल्ली) तुम्ही जपून ठेवता, ते रंगांचं रूपांतर करतंच. बॅनरला आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली, पीडीएफ किंवा टिफ चालून जाते. फक्त गडद निळा आणि भडक हिरवा स्क्रीनवर दिसतो तसा उतरत नाही, तेव्हा पक्षाच्या किंवा बँकेच्या रंगाचा आधी एक फुटाचा तुकडा छापून पाहा.

प्रश्न : आधी सीडी घेतली का आपली झाली. आता दर महिन्याले पैसे. हे तं मक्त्याचं वावर झालं, मालक कोणी दुसराच. असं कायले केलं यायनं? अन् मधातच बंद केलं तं पैसे वापस भेटते काय?
*स्टुडिओचालक, आर्णी (जि. यवतमाळ)*

मक्त्याच्या वावराची, म्हणजे खंडाने घेतलेल्या शेताची, उपमा चपखल आहे. मक्ता थांबला की पीक काढायलाही आत जाता येत नाही, इतकंच त्यात जोडा.

कारण असं. २०१२ मध्ये फोटोशॉप सीएस६ ची पूर्ण प्रत अमेरिकेत ६९९ डॉलरना मिळे. पुढची आवृत्ती आली की तिचे पैसे वेगळे. पण लोक घेतच नसत. जुनं चालतंय तर नवं कशाला, म्हणून एकेक आवृत्ती गाळत. काही दुकानांत अजूनही सीएस३ चालू आहे. म्हणजे दर वेळी गिऱ्हाइकाला नव्याने पटवायची पाळी कंपनीवर येई. मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की सीएस६ नंतर विकत मिळणारी आवृत्ती निघणार नाही, फक्त वर्गणी. तेव्हापासून कंपनीचं उत्पन्न ठरलेलं झालं. ऑटोकॅडच्या ऑटोडेस्कने २०१६ पासून हीच वाट धरली.

आता मधेच बंद करण्याबद्दल, कारण खरा फटका इथे बसतो. ॲडोबीच्या योजना तीन तऱ्हेच्या असतात: वर्षाचे पैसे एकदम, वर्षाचा करार पण पैसे महिन्याला, आणि सुटा महिना. दुसरी आणि तिसरी स्क्रीनवर सारखीच दिसतात, दोन्हीत 'दरमहा' लिहिलेलं असतं. दुसरी स्वस्त म्हणून लोक ती निवडतात. पण तो वर्षाचा करार आहे. पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर पैसे परत मिळतात; त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे द्यावे लागतात. महिन्याला २,००० धरले आणि चार महिन्यांनी बंद केलं, तर उरलेल्या आठ महिन्यांचे १६,०००, त्यातले ८,००० तुमच्या खात्यातून जातील. ही अट नीट दिसेल अशी सांगितली नाही, असा आरोप करून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावाही लावला.

पैसे एकदम भरलेल्या वर्षाच्या योजनेत १४ दिवसांनंतर काहीच परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्यापूर्वी किमान २४ तास बँकेने कळवायचं असतं, आणि १५,००० रुपयांच्या वरची रक्कम तुमच्या ओटीपीशिवाय कापता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम आहे. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. रद्द करायचं तर नूतनीकरणाच्या तारखेआधीच, आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा. नुसतं कार्ड बंद केल्याने करार संपत नाही.

वर्गणी थांबवण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या पीएसडीची टिफ आणि एआयची पीडीएफ काढून ठेवा. फाइल तुमचीच राहते, पण उघडायला साधन राहत नाही.

कोरेल ड्रॉ अजून दोन्ही तऱ्हांनी मिळतं, वर्षाचं आणि एकदाच विकत. विकतच्या किमतीला वर्षाच्या किमतीने भागा. उत्तर तीन आलं आणि तुम्ही एकच आवृत्ती पाच वर्षं चालवणारे असाल, तर विकत घ्या. नव्या आवृत्त्या फुकट मिळणार नाहीत, पण फ्लेक्सच्या कामाला त्यांतलं फारसं लागतही नाही. एक काळजी घ्या: नव्या कोरेलची फाइल जुन्यात उघडत नाही. नागपूरला पाठवताना 'सेव्ह ॲज'मध्ये खाली व्हर्शन विचारतो, तिथे त्यांची आवृत्ती निवडा, आणि सगळा मजकूर कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात. कर्व्ह करण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, नाहीतर वधूच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त करायला सगळं पुन्हा टाइप करत बसाल.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं आणि हँडबिलं पेजमेकर ७ वर करतो. फॉन्ट जुने श्रीलिपीचे. कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा, तो बसला की धंदा बसला. इनडिझाइन घ्यावं का? काम दिवाळी ते होळीच असतं.
*डीटीपी ऑपरेटर, देसाईगंज-वडसा (जि. गडचिरोली)*

पेजमेकर १९८५ सालचं. ते ऑल्डस कंपनीचं होतं, १९९४ मध्ये ॲडोबीकडे आलं, आणि २००१ ची ७ ही शेवटची आवृत्ती. त्याला युनिकोड कळत नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून काम भागवतात, म्हणून तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की कचरा दिसतो. तेव्हा एक्सपी चालू आहे तोवर दोन कामं उरका: सगळ्या जुन्या कामांच्या पीडीएफ काढा, आणि नेहमी लागणारा मजकूर, म्हणजे मंडळांची नावं, तिकिटाच्या ओळी, सूचना, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर हमखास चुकतो तो रफार, 'ऱ्या', 'ज्ञ', 'श्र' आणि अवतरणचिन्हांत. तेवढं डोळ्याखालून घालाच.

इनडिझाइन, म्हणजे ॲडोबीचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर, घ्यायचंच असेल तर तुमच्यासाठी सुट्या महिन्याची योजना. तिचा महिन्याचा दर वर्षाच्या करारापेक्षा चढा असतो, पण नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिनेच भरायचे. दर दीडपट धरला तरी साडेसात महिन्यांचे पैसे झाले, बाराचे नाहीत. घेतल्यावर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. ते न निवडता टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, आणि लोक फॉन्टला शिव्या देतात.

आमचं मत विचाराल तर आधी पानं मांडायचंच दुसरं सॉफ्टवेअर, स्क्रायबस, बघा. ते फुकट आहे, १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, त्यात मुळातच आहेत, आणि ऑफसेटच्या कामाला तेच हवं. इंकस्केप इथे कमी पडतं. तिथला काळा मजकूर आरजीबी असतो, प्लेटवर जाताना तो चारही रंगांत फुटतो, आणि मशीनवर कागद केसभर सरकला तरी बारीक अक्षरांना लाल-निळी कड येते. स्क्रायबसमध्ये मजकुराचा काळा शंभर टक्के 'के' आणि बाकीचे तीन शून्य ठेवा.

हँडबिलासाठी नवी फाइल घेताना ए५ आकार, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा पट्टी). मोठ्या अक्षरांना बलू, पात्रपरिचय आणि बारीक मजकुराला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी. हे तिन्ही फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्याच्या कामाला वापरायची परवानगी त्यांच्या परवान्यातच आहे. शेवटी पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड आणि क्रॉप मार्क सुरू करा. छापखान्याने पीडीएफ/एक्स-३ मागितली आणि यादीत तो पर्याय दिसत नसला, तर डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट बंद असतं. ते सुरू केलं की दिसतो.

कलावंतांचे फोटो हा पोस्टरचा खरा दुखता भाग. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण १,६०० पिक्सेलचा उरतो. ३०० डीपीआयला तो सव्वापाच इंच होतो, त्याहून मोठा छापला की चेहरा फुटतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं प्रत्येक मंडळाला सीझनच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. कोणतंही महागडं सॉफ्टवेअर हे नंतर दुरुस्त करत नाही. चेहरा नवा बनवून देतं, आणि तो त्या नटाचा राहत नाही.

अफिनिटीबद्दलही पुष्कळजण विचारतात. एकदाच विकत मिळणारं डिझाइनचं स्वस्त सॉफ्टवेअर म्हणून ते नावाजलं, २०२४ मध्ये कॅन्वाने कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केलं. मात्र त्यात देवनागरी नीट न बसण्याची तक्रार जुनी आहे. उतरवल्यावर पहिल्याच मिनिटाला 'विद्यार्थी, स्त्री, कार्यक्रम, दुसऱ्या, ज्ञानेश्वर' एवढं टाइप करा. एकही अक्षर फुटलं तर ते फोटोच्या कामापुरतं ठेवा.

प्रश्न : एका मुलाने ५०० रुपयांत फोटोशॉप, कोरेल, प्रीमिअर सगळं टाकून दिलं. चालतं छान. सगळे तेच वापरतात. धोका काय?
*फोटो स्टुडिओ, हिंगणघाट (जि. वर्धा)*

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब आधी वाचा. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५०,००० पर्यंत दंड करू शकतं. तुमचा वापर धंद्याचाच आहे.

रोजचा धोका मात्र वेगळा. क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणारी फाइल, टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' ही पायरी असते, हे तुम्ही पाहिलं असेल. कुलूप काढून किल्ली कोणाच्या हाती देतो हे आपल्याला माहीतच नसतं. अशा फाइलींत ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्राम सर्रास येतात. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँक उघडता, स्टुडिओचं फेसबुक पान चालवता, गिऱ्हाइकांचे आधार स्कॅन करता. दुसरा प्रकार म्हणजे सगळ्या फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा व्हायरस. लग्नसराईत चार लग्नांचे फोटो त्यात गेले तर वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त भरून द्यावं लागेल, आणि फोटो तरीही येणार नाहीत.

बाहेर पडायचं असेल तर क्रम असा ठेवा. फक्त कामाच्या फाइली, म्हणजे सीडीआर, पीएसडी, जेपीजी, रॉ, बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉलर किंवा ईएक्सई एकही घेऊ नका. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून पेनड्राइव्ह बनवा, डिस्क पुसून नव्याने टाका. पासवर्ड मोबाइलवरून बदला, जुन्या कॉम्प्युटरवरून नाही. नुसतं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्याने आत शिरलेलं निघत नाही.

पासपोर्ट फोटो आणि अल्बम एवढंच काम असेल तर सगळा संच घेऊच नका. एकट्या फोटोशॉपची किंवा फोटोग्राफीची योजना संचापेक्षा बरीच स्वस्त पडते. फोटोशॉप एलिमेंट्स त्याहून स्वस्त, पण २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीनच वर्षांचा आहे आणि त्यात सीएमवायके नाही. फोटो लॅबला आरजीबीच लागतं, तेव्हा अल्बमवाल्याला ती अडचण नाही.

प्रश्न : मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) १० बाय २० फुटांच्या बॅनरला फोटोशॉप लटकतं. महागातलं घेऊनही असं का?
*तिरोडा (जि. गोंदिया)*

रिझोल्यूशन ३०० ठेवलं असेल. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. ३०० डीपीआयला ते ३६,००० बाय ७२,००० पिक्सेल होतात, आणि पीएसडी फाइलची मर्यादाच एका बाजूला ३०,००० पिक्सेल आहे. सीएमवायकेमध्ये एकच लेयर १० जीबीच्या वर जातो. ७२ डीपीआयला हाच बॅनर ८,६४० बाय १७,२८०, एक लेयर साधारण ६०० एमबी. रस्त्यावरून वाचायच्या बॅनरला ७२ पुरे, लांबून दिसणाऱ्या मोठ्या होर्डिंगला ३६ ते ५० सुद्धा चालतं. आणि अक्षरं फोटोशॉपमध्ये करूच नका. फोटो आणि पार्श्वभूमी तिथे, मजकूर कोरेलमध्ये किंवा इंकस्केपमध्ये. मग अक्षरांची कड कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते.

लाइट गेल्यावर केलेलं काम जाऊ नये, म्हणून आणखी एक करा. प्रेफरन्सेसमधल्या फाइल हँडलिंगमध्ये रिकव्हरीची वेळ १० मिनिटं असते, ती ५ करा.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ जुन्या एडियसवर करतो. मोबाइलचे क्लिप घेतले की आवाज पुढे-मागे जातो. दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे म्हणतात. फुकट देणाऱ्याला काय मिळतं, आणि ते माझ्या ८ जीबीच्या कॉम्प्युटरवर चालेल का?
*वरुड (जि. अमरावती)*

देणारी कंपनी, ऑस्ट्रेलियाची ब्लॅकमॅजिक डिझाइन, कॅमेरे, स्विचर, कॅप्चर कार्ड विकते. सॉफ्टवेअर हाताशी बसलं की पुढचा कॅमेरा त्यांचा घेतला जाईल, हा हिशेब. २००९ मध्ये त्यांनी दाविंची कंपनी घेतली, तेव्हा हे मोठ्या स्टुडिओंतलं लाखो डॉलरचं यंत्र होतं. आज फुकट आवृत्ती आहे, आणि पूर्ण स्टुडिओ आवृत्ती एकदाच २९५ डॉलर, दोन कॉम्प्युटरवर. फुकटात अल्ट्रा एचडी, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत निघतं. अंधारातल्या वरातीचे दाणे काढणारं नॉइज रिडक्शन आणि बरेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) पर्याय स्टुडिओत. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ उघडत नाही, तेव्हा विंडोजच ठेवा.

८ जीबीवर मात्र नाही. १६ जीबी रॅम आणि किमान ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. म्हणजे सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे तिकडे जातात, पण कार्ड विकता तरी येतं.

आवाज सरकण्याचा दोष एडियसचा नाही. मोबाइल प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, एडिटर तो ठराविक धरतो. हँडब्रेक या फुकट प्रोग्राममध्ये क्लिप टाका, व्हिडिओ टॅबमध्ये तुमच्या मुख्य कॅमेऱ्याचा फ्रेमरेट, म्हणजे २५ किंवा ३०, निवडा, खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करा, क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा आणि बनलेली फाइल एडिटिंगला घ्या. रिझॉल्व्हमध्ये आणखी एक पेच: प्रोजेक्टचा फ्रेमरेट पहिला क्लिप आत घेण्याआधी ठरवायचा. नंतर तो बदलू देत नाही, आणि अर्धं लग्न कापून झाल्यावर हे कळतं.

प्रश्न : फुकटचं म्हणजे कमअस्सल, असं शाळेतली मुलंही म्हणतात. खरं आहे का?
*कलाशिक्षक, पुसद (जि. यवतमाळ)*

थ्रीडी ॲनिमेशनच्या ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरचं उदाहरण द्या. ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून त्याचा सोर्स कोड सोडवून घेतला. आता ते कोणीही वापरावं, बदलावं; खर्च देणग्यांवर आणि मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक मदतीवर चालतो. प्रत्येक फुकट सॉफ्टवेअर मात्र त्या तोडीचं नाही. फोटोच्या गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये छपाईचं काम अजून अडखळतं, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग करून विकायचं आहे. स्वस्तात काय?
*तिवसा (जि. अमरावती)*

रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. वर्षाची मिळकत २०,००० डॉलरच्या आत असेल तर परवाना एकदाच ६० डॉलर. खंजिरीचा थाप माइकजवळ हमखास फाटतो, तेव्हा रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि २४ बिटवर घ्या. फाटलेला आवाज नंतर कोणतंही प्लगइन पुरता जोडत नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो परत मिळतो का?
*ग्राफिक्स दुकान, काटोल (जि. नागपूर)*

तुम्ही नियमित जीएसटी नोंदणीत असाल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, तर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. ऑनलाइन घेताना नंबर टाकायचा राहतो आणि बिल वैयक्तिक नावाने निघतं, तिथेच ते जातं. खातं उघडतानाच दुकानाचं नाव आणि नंबर भरा. कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर क्रेडिट नाही. मग दोन सॉफ्टवेअरच्या दरांची तुलना करताना करासकटचा आकडा धरा, कारण साइटवर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा कर वगळून.